गोल कोपरे

सफियाने पहिलं कार्ड केलं तेव्हा ते तिच्याकडे कोणी मागितलेलं नव्हतं.

तिचा नवरा मुझफ्फर कुवेतमध्ये, अर्दियातल्या एका गोदामात काम करतो. नळ, तोट्या, फरशा असा माल. हिशेबही तोच बघतो आणि मालही तोच. काही वर्षांपूर्वी गोदामाच्या मालकाचं, अबू फहदचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भेटायला जाताना काय न्यायचं, हा प्रश्न होता. फळं आणि फुलं सगळेच नेणार. सफियाने मुलीच्या, माहीनच्या, शाळेसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर एक घडीचं कार्ड तयार केलं. बाहेर जुनी लाकडी होडी, आत बरं वाटावं म्हणून एक अरबी ओळ. जाब्रियाच्या हॉस्पिटलात मुझफ्फरने ते मालकाच्या उशाशी ठेवलं आणि सांगितलं, "घरीच केलंय. माझ्या बायकोनं."

हे सांगायची काही गरज नव्हती, असं सफिया पुढे पुष्कळदा म्हणाली.

"मग काय, रस्त्यावर सापडलं म्हणून सांगू?" मुझफ्फर म्हणायचा.

कार्ड मालकिणीने, उम्म फहदने, घरी नेलं. रमजान जवळ आला तसा तिचा ड्रायव्हर रिग्गईतल्या त्यांच्या फ्लॅटवर एक पाकीट घेऊन आला. आत तिच्या नातीचे, दानाचे, फोटो होते. रमजानच्या मध्यावर कुवेतमध्ये गिरगियान असतो. मुलं नटूनथटून दारोदार गाणी म्हणत जातात आणि त्यांच्या पिशव्यांत लोक सुका मेवा, गोळ्या ओततात. आता बहुतेक घरं मुलांसाठी डबे भरून ठेवतात आणि प्रत्येक डब्याला आपल्या मुलाचा फोटो, नाव असलेलं कार्ड बांधतात. उम्म फहदला तसली कार्डं हवी होती.

अशी कार्डं करणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. पण उम्म फहदला दुकानात जायचं नव्हतं. फोटोंमध्ये दानाच्या मागे तिची आई होती, मावश्या होत्या, घरातल्या घरात काढलेले फोटो, डोकी उघडी. असे फोटो दुकानातल्या परक्या पुरुषांच्या हातात द्यायचे नाहीत, हा त्या घराचा नियम होता. सफिया बाई होती, घरी बसून काम करत होती, आणि तिचा नवरा त्यांच्याच कफालतीवर, म्हणजे त्यांनीच काढलेल्या व्हिसावर, होता. शिवाय तिला अरबी वाचता येत होतं. कळत नव्हतं, पण रत्नागिरीजवळच्या साखरतरला लहानपणी कुराण शिकलेली असल्यामुळे एखादं अक्षर तुटलं, उलटं पडलं, तर तिच्या डोळ्यांना लगेच खटकायचं.

त्या वर्षी एकच तक्रार आली. कार्डाचा कोपरा दानाच्या गालाला लागला, ओरखडा उठला. पुढच्या वेळेपासून सफियाने पायाची नखं कापायचा मोठा नेल कटर घेतला आणि प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे गोल केले. उम्म फहद कार्ड हातात आलं की आधी कोपऱ्यावरून अंगठा फिरवायची, मग चित्र बघायची. "वायद झेन," म्हणायची. फार छान.

त्यानंतर ईद आली. मग राष्ट्रीय दिनाची कार्डं. मग घरात बाळ जन्मलं, त्याला बघायला येणाऱ्या बायकांना द्यायची कार्डं. साखरपुडा, मक्केला उमरा करून परतलेल्या आत्याचं स्वागत, मुलाची, फहदची, पदवी. पैशांचं एकदा निघालं तेव्हा मुझफ्फरनेच हात जोडले. मालकाच्या घरचं काम, त्याचे कसले पैसे! उम्म फहद खजूर पाठवायची, अत्तर पाठवायची, शुक्रवारी ताटभर मच्छबूस, मटण घातलेला भात, पाठवायची. ती कधी रागावली नाही, कधी आवाज चढवला नाही. सफियाला ती मनापासून आवडत होती, आणि अडचण तिथेच होती.

दुसरी अडचण कायद्याची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करायची परवानगी नसते. त्यामुळे हे काम नव्हतंच. नोकरी असती तर राजीनामा देता आला असता.

सफियाच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा उम्म फहदच्या मुलीचंही लग्न ठरलं. मुझफ्फरची रजा अबू फहदने पुढे ढकलली आणि उम्म फहदने सफियाला बोलावून सांगितलं, "शादी के बाद जाओ, आराम से." सफियाने भावाचा निकाह मोबाइलवर बघितला. शेजारी प्रिंटर दुसऱ्याच नवरीचं नाव छापत होता. मालकाच्या घरचं लग्न संपलं तेव्हा रजेचा मोसमही संपला होता.

यंदा मुझफ्फरला दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. बसून करायचं काम, आणि दरवर्षी ठरलेली रजा. कंपनी ईदपर्यंत थांबायला तयार होती. त्याच्या आत अबू फहदने रिलीज, म्हणजे दुसरीकडे जायची मंजुरी, द्यायला हवं होतं. अर्ज सरकारी अ‍ॅपवर पडलेला होता. मालकाने आपल्या फोनवर बोट टेकवलं की काम झालं असतं. नाही टेकवलं तर नोकरी गेली, रजा गेली, आणि पुन्हा अशी नोकरी येईल याची खात्री नव्हती.

अबू फहद म्हणाला, "मला काही अडचण नाही. तुझ्या जागी माणूस दे आणि जा. पण एकदा घरी विचारतो."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर सफियाला न्यायला आला.

उम्म फहदची हिंदी घरातल्या मोलकरणींशी बोलून आणि सिनेमे बघून तयार झालेली होती. मोलकरणींसारखी सफियाही तिला मामा, म्हणजे आई, म्हणायची. तिने चहा ओतला.

"मुझफ्फर जाता है?"

"जी मामा. अच्छा कंपनी है. हर साल छुट्टी देता है."

"छुट्टी? तुम बोलो ना. मैं देता है छुट्टी."

 भावाच्या लग्नाची आठवण करून द्यायची ही जागा नव्हती, हे सफियाला कळत होतं.

"फोटो का डर है तो कॉम्प्युटर ले लो, मामा," ती म्हणाली. "सब उसी में है."

"फोटो नहीं. कार्ड. कार्ड कौन करेगा?" उम्म फहदने तिचा हात हातात घेतला. "तुम भी आदमी दो. औरत. हमारा कफाला वाला. गिरगियान वो अकेला करेगा. अच्छा हुआ, तो खलास. मैं खुद बोलेगा, दे दो."

सफियाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मुझफ्फर हसला. "म्हणजे माझ्याबरोबर तुझीपण बदली शोधायची? मी पगार घेतो, माझं समजू शकतो. तू कोण?"

"मीच विचारतेय, मी कोण," सफिया म्हणाली.

मुझफ्फरची बदली आधीच ठरली होती. साखरतरचाच झहूर, लांबचा मावसभाऊ, गेली दोन वर्षं सालमियात एका दुकानात होता आणि जागा बदलायला बघत होता. त्याची बायको हफिजा गावी होती. सफियाने तिला फोन लावला.

"हफिजा, कॉम्प्युटर येतो तुला?"

"एमएस-सीआयटी झालंय भाबी. सर्टिफिकेट हाय."

"चित्रं बसवता येतात? फोटो कापून?"

"पेंटमध्ये एकदा घर काढलेलं. आणि नारळाचं झाड." मग म्हणाली, "शिकेन भाबी. सांगा तुम्ही, येतं म्हणून."

सफियाने तसं सांगितलं. झहूर अर्दियाच्या गोदामात रुजू झाला आणि हफिजाच्या व्हिसाची कागदं अबू फहदच्या मंदूबाने, सरकारी कचेऱ्यांतली कामं बघणाऱ्या माणसाने, पटापट फिरवून आणली. सफियाला आणायला मुझफ्फरला तीन वर्षं लागली होती.

हफिजा फरवानियात एका खोलीच्या फ्लॅटमध्ये उतरली. फोटो इकडेतिकडे जायला नकोत म्हणून कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही तिच्याकडे हलवले. माहीनला त्याचं काही वाटलं नाही. "आय हॅव माय लॅपटॉप," ती म्हणाली, "टेक द डायनासोर." सफिया एक दिवसाआड सकाळी फरवानियाला जाऊ लागली.

हफिजा हुशार होती. फोटोतलं डोकं केसासकट कसं कापायचं, मागचा सोफा कसा पुसायचा, नावाचा रंग कपड्यांवरून कसा घ्यायचा, हे ती पटकन शिकली. जाड कागद प्रिंटरमध्ये एकेक करून घालायचा. आधी एक छापून बघायचं, मग बाकीची. पोलादी पट्टी दाबून धरायची, ब्लेड ओढायचं, पट्टी नाही. सफियाला जे जे आठवलं ते तिने सांगितलं. नमुन्याची कार्डं घेऊन दोघी उम्म फहदकडे गेल्या. उम्म फहदने कार्डाच्या टोकदार कोपऱ्यावर अंगठा टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाली, "झेन." वायद झेन म्हणाली नाही. पण झेन म्हणाली, एवढ्यावर सफिया खूश होती.

रमजान लागायच्या आधीच्या शेवटच्या सकाळी तिला राहवलं नाही. हफिजा स्क्रीनवर दानाच्या फ्रॉकच्या जरीची चमक वाढवत होती.

"हफिजा, एक सांगू? पुढं मला बोल लावू नको. हे एकदा हातात घेतलंस की सुटत नाय. नाय म्हणायला तोंड उघडत नाय, एवढी गोड बाई हाय ती."

"ठाऊक हाय, भाबी."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे?" हफिजाने मान वळवली नाही. "झहूरला एकट्यालाच ठेवणार होते. तुमचा फोन आला तेव्हा मी सासूच्या खोलीत मिरच्या निवडत होते. दोन वर्षं फोनवर संसार केला, भाबी. चार्जिंग संपलं की नवरा गेला." ती हसली. "मला ही कार्डं काय जड नाय. तुमचं दार लागलं तिथं माझं उघडलं."

 हफिजा येईपर्यंत सफिया स्वतःच्या सुटकेचा विचार करत होती. त्या दिवशी बसमधून परतताना तिच्या लक्षात आलं, की कार्डं बिघडली तर आता दोन घरं बिघडतील.

कार्डं बिघडली.

गिरगियानच्या आदल्या दिवशी दुपारी हफिजाचा फोन आला. ती रडत होती आणि उपवासाने आवाजही खोल गेला होता.

"मागची बाजू उलटी आलीय, भाबी. दाना सरळ आणि नाव खाली डोकं वर पाय."

"किती?"

"सगळीच."

"एक काढून बघायचं म्हटलेलं ना गो!"

"बघितलं. पुढची बाजू बघितली."

जाड कागद संपला होता. दुकानं दुपारची बंद, ती रोजा सुटल्यावर उघडणार. आणि ड्रायव्हर कार्डं न्यायला रोजा सुटायच्या आधीच येणार होता, कारण त्याच संध्याकाळी घरातल्या बायका बसून डबे बांधणार होत्या. सफियाच्या पलंगाखाली जाड कागदाचं जुनं पाकीट पडलेलं होतं. ते तिने काढलं, ओढणी घेतली आणि मुझफ्फरला हाक मारली. रमजानमुळे तो लवकर घरी आला होता.

"गाडी काढा."

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जागचा हलला नाही. "कागद मी देऊन येतो. तू येऊ नको. मालकिणीने अकेला म्हटलंय."

"तिला आज जमायचं नाय. रडून रडून बेजार हाय ती."

"आणि तू केलंस नि कळलं तर? ईद जवळ आलीय सफिया. माझं बोट नाय त्या अ‍ॅपवर, त्याचं हाय."

"नाय केलं तर काय कळायचं राहील? डबे उघडेबोडके गेले की रिलीज नाय, झहूरलापण नीट ठेवायचे नाय, आणि ही पोर परत मिरच्या निवडायला जाईल." तिने चपला घातल्या. "चित्र तिचंच हाय. मी नुसतं छापणार नि कापणार. कळणार कसं?"

मुझफ्फरने किल्ल्या उचलल्या.

फरवानियाच्या खोलीत एसीखाली उलटी कार्डं पसरलेली होती. सफियाने ती पायाने बाजूला केली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. पासवर्ड अजून माहीनच्या नावाचाच होता. तिने मागची बाजू फिरवली, एक छापलं, दोन्हीकडून बघितलं, दिव्यासमोर धरलं. मग प्रिंटर चालू झाला. झहूर नवा, त्याला अजून गोदामातून सुटता आलं नव्हतं. मुझफ्फर खाली गाडीत बसून राहिला. वर आला तर आपणही यात सामील होऊ, असं काहीसं त्याच्या मनात असावं.

हफिजा भोक पाडून रिबन ओवत होती. सफिया कापत होती आणि कापून झालेला गठ्ठा तिच्याकडे सरकवत होती. घाई होती तरी पट्टी हलली नाही, ब्लेड एकदाच ओढलं जात होतं.  शेवटचं कार्ड बांधून झालं तेव्हा खालून ड्रायव्हरचा हॉर्न ऐकू आला. हफिजाने पेटी खाली नेऊन दिली, वर येऊन केरसुणी घेतली आणि कापलेल्या कागदाच्या कडा, बारीक चंद्रकोरीसारखे तुकडे, सगळं झाडून कचऱ्यात टाकलं. त्यात काही बघण्यासारखं आहे असं दोघींपैकी कोणालाच वाटलं नाही.

गिरगियान झाल्यावर उम्म फहदने दोघींना बोलावलं.

दिवाणखान्यात उरलेले डबे रचून ठेवले होते. दाना जरीच्या फ्रॉकमध्ये जमिनीवर बसून पिस्ते वेगळे काढत होती. उम्म फहदने एक डबा मांडीवर घेतला आणि कार्डाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा.

"वायद झेन," ती म्हणाली. "कौन किया?"

"मैंने किया, मामा," हफिजा म्हणाली. घरून येताना तिने हे वाक्य घोकलं होतं.

"तुम अच्छा लडकी है." उम्म फहद हसली. "फोटो तुम्हारा. रंग तुम्हारा. कोना सफिया का."

सफियाने आपल्या पर्सकडे बघितलं. नेल कटर तिथेच होता, आतल्या कप्प्यात. त्या दुपारी तो कधी बाहेर काढला आणि कधी आत ठेवला, हे तिला आठवेना. हफिजाला तिने कॉम्प्युटरमधलं सगळं शिकवलं होतं. कोपरे कॉम्प्युटरमध्ये नव्हते.

"मामा, इसका गलती नहीं," ती घाईने म्हणाली. "कागज खतम हो गया था. मैं सिर्फ..."

उम्म फहदने हात वर करून तिला थांबवलं. फोन उचलला आणि अबू फहदशी अरबीत बोलू लागली. सफियाला त्यातला फक्त 'मुवाफका' हा शब्द समजला, मंजुरी. मंजुरी द्यायची की द्यायची नाही, हे तिला कळलं नाही. हफिजाने तिची बाही घट्ट धरली होती.

"मैं बोला, दे दो," फोन ठेवत उम्म फहद म्हणाली. "मुझफ्फर को जाने दो."

मग ती सफियाकडे वळली.

"तुम रिग्गई नहीं छोडता?"

"नहीं, मामा."

"बस. फिर क्या है? मुझफ्फर इधर, मुझफ्फर उधर, क्या फरक?" उम्म फहदने तिच्या गालाला हात लावला. त्यात काही खोटं नव्हतं. "मुझे डर था, तुम भी जाएगा. अब मालूम, तुम आता है. ये बुलाएगा, तुम आएगा." तिने हफिजाच्या पेल्यातही चहा ओतला. "दोनों मेरा बेटी."

रिलीज त्याच संध्याकाळी आलं. मुझफ्फरने फोनचा स्क्रीन आधी माहीनला दाखवला, मग सफियाला, मग पुन्हा माहीनला. येताना तो मिठाईचा, बकलाव्याचा, डबा घेऊन आला होता.

"सुटलो," तो म्हणाला. "बघ, उगाच घाबरलो. कळूनसुद्धा सोडलं ना? भली माणसं."

"हो," सफिया म्हणाली.

"सो वी आर गोइंग दिस समर?" माहीनने विचारलं. "लाइक, फॉर रिअल?"

"रिअलच्या वर रिअल," मुझफ्फर म्हणाला आणि टेकून बसून तिकिटं शोधू लागला. साखरतरला कोणाकोणाला काय न्यायचं याची त्याची बडबड सुरू होती. मेव्हण्याचं पोर आता चालायला लागलं होतं. त्याला अजून यांच्यापैकी कोणी बघितलं नव्हतं.

सफियाचा फोन वाजला. हफिजाने काही फोटो पाठवले होते. दाना, डोक्यावर काळी चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेला कागद. खाली लिहिलं होतं: भाबी, मामाने पाठवलेत. दानाचं केजीचं ग्रॅज्युएशन जूनमध्ये. कोपरे कसे मारायचे ते दाखवायला कधी येताय? आणि यावेळी टोपीच्या आकाराचं कार्ड पायजे म्हणतायत. मला भीती वाटते.

माहीनने आईच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न केला. मराठी तिला हळूहळू लागायचं, पण फोटो बघून तिला समजलं.

"अम्मी, जस्ट से नो. अब्बा डझन्ट वर्क फॉर देम एनीमोर."

"तिला नाय म्हणेन गो," सफिया म्हणाली. "उम्म फहदला म्हणेन एक वेळ. हफिजाला कसं म्हणू?"

माहीनने खांदे उडवले आणि बकलाव्याचा तुकडा उचलून आपल्या खोलीत गेली.

"दहा जूनची बघू की पंधरा?" मुझफ्फरने मान वर न करता विचारलं. "दहाची स्वस्त दिसतात."

सफियाने फोटो पुन्हा मोठा करून बघितला. टोपीच्या आकाराला कोपरे जास्त येणार होते.

"थांबा जरा," ती म्हणाली. "ग्रॅज्युएशनची तारीख कळू दे."